एकवीस की वीस एक? अभ्यासक्रम ठरवणारा समाज नेमका कोणता

आजच्या व्याख्यानाचा विषय 'समाज आणि अभ्यासक्रम' असा जाहीर झालाय. बी.एड. केलेले जे कोणी इथे असतील, त्यांच्या पोटात जरा गोळा आला असेल, कारण 'समाजाचा अभ्यासक्रमावर होणारा परिणाम स्पष्ट करा' या थाटाचा प्रश्न त्यांनी कधी ना कधी सोडवलेला असतो. उत्तरही ठरलेलं असतं. सामाजिक परिणाम, आर्थिक परिणाम, राजकीय परिणाम, सांस्कृतिक परिणाम, प्रत्येकी चार ओळी. त्या उत्तरातला एक शब्द मात्र कुणी तपासत नाही, तो म्हणजे 'समाज'. जणू समाज नावाचे एक गृहस्थ आहेत, ते सकाळी उठतात, आंघोळ करून शाळेत जातात आणि हेडमास्तरांना सांगतात, उद्यापासून हे शिकवा. (हशा)

मला आज त्या गृहस्थांचा पत्ता शोधायचा आहे. त्यासाठी मी एकच पुस्तक घेतो, तेही दुसरीचं. बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक, ज्यावरून जून २०१९मध्ये महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला.

आठवत असेल तुम्हाला. त्या पुस्तकात एकवीस ही संख्या 'वीस एक' अशी वाचायला दिली होती. त्रेसष्ट म्हणजे 'साठ तीन', अठ्ठ्याण्णव म्हणजे 'नव्वद आठ'. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या, विधानसभेत विषय निघाला. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातच 'वीस' असल्यामुळे त्यावरही विनोद झाले. व्हॉट्सॲपवर तर आठवडाभर दुसरं काही नव्हतं. जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही पद्धती दिल्या आहेत, मुलाला जी सोपी वाटेल ती त्याने वापरावी, असं गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत राहिल्या. ते फारसं कुणी ऐकलं नाही. नारळीकरबाई म्हणजे 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या, मुलांना गणित आवडावं म्हणून आयुष्यभर धडपडलेल्या गणितज्ञ. त्यांना मराठी भाषा बुडवायला निघालेल्या बाई ठरवलं गेलं. २०२३मध्ये त्या गेल्या. तेव्हा आलेल्या मृत्युलेखांतही हा वाद होताच.

आता समितीचं म्हणणं काय होतं ते आधी नीट बघू. आपण मराठीत संख्या लिहितो डावीकडून उजवीकडे, आधी दशक, मग एकक. पण वाचतो उलट. 'एक-वीस'. मुलाच्या कानावर आधी 'एक' पडतं आणि लिहायचे मात्र आधी दोन. दुसरीतल्या मुलाने एकवीसच्या जागी बारा लिहिलं, तर ते मूल मठ्ठ नसतं, जे ऐकलं त्याच क्रमाने ते लिहीत असतं. हा पहिला मुद्दा, आणि माझ्या मते हाच भक्कम आहे. दुसरा मुद्दा जोडाक्षरांचा होता. त्र्याऐंशी, अठ्ठ्याण्णव वगैरे उच्चार मुलांना जड जातात, असा. हा मुद्दा मला लंगडा वाटतो. मूल 'श्रीखंड' म्हणतं, 'फ्रीज' म्हणतं, 'ट्रॅक्टर' तर बोबडं असल्यापासून म्हणतं. जीभ अडत नाही. समितीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याच मुद्द्यावर जास्त भर दिला, आणि टीकाकारांनाही नेमका तोच सापडला.

एक तिसरी अडचण आहे. तिची चर्चा फारच कमी झाली, म्हणून तिथे जरा थांबतो. आपल्या संख्यानामांत एकच अंक किती वेषांत येतो बघा. दोन घ्या. बावीसमध्ये तो 'बा' आहे, बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे', बावन्न, बासष्ट, बाहत्तरमध्ये पुन्हा 'बा', आणि ब्याऐंशी, ब्याण्णवमध्ये 'ब्या'. पन्नासचं तर काय होतं! एक्कावन्नमध्ये 'वन्न', त्रेपन्नमध्ये 'पन्न'. मग येतं 'एकोण'. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. मुलाला 'तीस' ऐकू येतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. बरं, हा नियम तरी शेवटपर्यंत पाळावा? एकोणनव्वदपर्यंत पाळतो आणि नव्याण्णवला येऊन सोडून देतो. तुम्हाआम्हाला हे जाणवत नाही, कारण आपण ते पाठ केलं आणि विसरलो. नव्याने शिकणाऱ्याला मात्र शंभर नावं जवळपास सुटी सुटी पाठ करावी लागतात. त्यातली संगती मागाहून, भाषेचं व्याकरण कळायला लागल्यावर दिसते. मला व्यक्तिशः ही नावं फार आवडतात. 'सदुसष्ट' म्हणताना तोंडाला जी चव येते ती 'साठ सात'ला नाही. पण चव हा दुसरीच्या गणिताचा निकष आहे का, हे ठरवायला हवं.

आणि हे काही जगावेगळं नाही. कानडीत इप्पत्तोंदु, म्हणजे वीस-एकच. तेलुगूतही दशक आधी. आपल्याच राज्यात, जतमध्ये, अक्कलकोटमध्ये कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथलं मूल रोज दशक आधी म्हणतं आणि त्याची संस्कृती बुडालेली नाही. याच्या उलट जर्मन भाषा. तिथे अजून 'एक आणि वीस' असंच म्हणतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण नॉर्वेचं. तिथे पूर्वी आपल्यासारखंच एकक आधी म्हणायचे. तिथल्या संसदेने ठरवलं आणि १९५१पासून शाळेत, रेडिओवर, सरकारी कामात दशक आधी म्हणायला सुरुवात झाली. मागणी कुणाची होती? टेलिफोन खात्याची. फोन नंबर सांगताना एकक आधी म्हटलं की ऐकणाऱ्याचा गोंधळ होई आणि भलताच नंबर लागे. म्हणजे मुलांना गणित सोपं जावं हा हेतू नव्हता, फोन नीट लागावा हा होता. आज सत्तर वर्षांनंतरही तिथे दोन्ही पद्धती ऐकू येतात. संसदेने ठराव केला म्हणून आजी आपली संख्या बदलत नाही.

हे मुद्दाम सांगतोय. वीस-एकवर आलेल्या आक्षेपांतला जो खरा आक्षेप होता, तो हाच होता. 'भाषा मारली', 'पिढी बरबाद झाली' हे सोडून द्या. एका आजीचा प्रश्न मात्र सोडून देता येणार नाही. नातू घरी येऊन 'साठ तीन' म्हणतो, ती म्हणते 'त्रेसष्ट', आणि दोघांना वाटतं समोरच्याला येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी गणिताची मदत करणारं माणूस बऱ्याचदा आजी किंवा आई असते, आणि तिचं गणित तोंडी असतं. बाजारात भाजीवाली 'पंचावन्न' म्हणते, 'पन्नास पाच' म्हणत नाही. समितीने मुलाच्या डोक्याचा विचार केला, आणि चांगला केला. मुलाच्या घराचा विचार मात्र पुस्तकात दिसत नाही. शाळेला दशक आधी म्हणायचं असेल, तर त्याची खबर घरापर्यंत शाळेनेच पोचवायला हवी होती. इथे ती वाहिन्यांनी पोचवली, आणि कशी पोचवली ते आपण बघितलंच.

असो. आता त्या गृहस्थांच्या पत्त्याकडे येऊ. २०१९मध्ये ओरडला तो कोणता समाज?

मी त्या दिवसांत भेटेल त्याला एक साधा प्रश्न विचारत असे. तुमच्या घरातलं कोणतं मूल आत्ता मराठी माध्यमात दुसरीत आहे? तावातावाने बोलणारी मंडळी या प्रश्नावर एकदम शांत होत. मुलं, नातवंडं बहुतेकांची इंग्रजी माध्यमात होती. आणि इंग्रजी माध्यमातलं मूल रोज काय म्हणतं? ट्वेंटी वन. वीस एक! (हशा) इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलाला तुम्ही 'एकोणसत्तर' म्हटलं, तर ते विचारतं, म्हणजे किती? मग आपणच सांगतो, सिक्स्टी नाइन. संख्यानामं जर कुठे मरत असतील तर ती या घरांत मरत होती, आणि त्याचा दोष मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पुस्तकावर आला. ज्यांची मुलं त्या पुस्तकातून शिकणार होती, तो ऊसतोड करणारा, बांधकामावर जाणारा, शेतीवर राबणारा पालक त्या चर्चेत कुठे होता? मला तरी एकाही चर्चेत त्याला खुर्ची दिलेली दिसली नाही. भाषेचा वारसा एकाने सांभाळायचा आणि पाठांतराचं ओझं दुसऱ्याच्या पोराने वाहायचं, अशी ती वाटणी होती.

अभ्यासक्रमाच्या अभ्यासात एक प्रसिद्ध वळण आहे. एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सरने विचारलं होतं की कोणतं ज्ञान सर्वांत मोलाचं? अमेरिकेतले मायकेल ॲपल यांनी १९७९मध्ये 'आयडिऑलॉजी अँड करिक्युलम' लिहिलं आणि तो प्रश्न फिरवला. मोलाचं कोणतं, हे नंतर. आधी ते कुणाचं, ते सांगा. वीस-एकच्या वादात आपण तावातावाने स्पेन्सरचा प्रश्न सोडवत होतो. ॲपलचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

आता याच गणिताच्या तासातली एक जुनी गोष्ट. तिच्यावर कधी अग्रलेख आले नाहीत. आपल्या पंतोजींच्या शाळांत पूर्णांकाच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे घोकून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. साताला पावकीत पावणेदोन, दिडकीत साडेदहा, औटकीत साडेचोवीस, हे पोरगं झोपेतून उठवलं तरी सांगायचं. का शिकवत होते हे? बुद्धी तल्लख व्हावी म्हणून? ते नंतर चिकटवलेलं कौतुक आहे. रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शेर होता, अच्छेर होता, पावशेर, अदपाव होता. सगळा बाजार पाव-अर्ध्या-पाऊणाच्या पटींत चालत होता. कुलकर्ण्याचं दप्तर, वाण्याची वही, सावकाराचं व्याज त्याच पटींत. ज्या घरांना हिशेब लिहायचे होते त्या घरांची मुलं पंतोजींकडे जात, आणि त्या घरांना लागत होतं तेच पंतोजी शिकवत.

मग १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. औटकीच्या पायाखालची जमीनच गेली. ती शाळेतून हळूहळू गेली आणि कुणी मोर्चा काढला नाही. बाजाराने अभ्यासक्रम बदलला की आपण त्याला 'काळ बदलला' म्हणतो. शिक्षकांच्या समितीने बदलला की 'संस्कृतीवर घाला'! म्हणजे समाज शाळेवर सगळ्यात जास्त परिणाम करतो तो बाजारातून, आणि तो जाणवतही नाही. जाताजाता सांगतो, बाजारातून ते शब्द मात्र गेले नाहीत. आजही दुकानदार 'पावणेदोनशे' म्हणतो आणि दहावी झालेला मुलगा मोबाइल काढून एकशे पंच्याहत्तर आहेत ना, हे बघून घेतो.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून महात्मा फुल्यांकडे जायलाच हवं. १८८२मध्ये हंटर आयोग आला तेव्हा फुल्यांनी पुण्याहून त्याला निवेदन दिलं. त्या निवेदनाबद्दल आपण प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, एवढंच लक्षात ठेवतो. त्यात काय शिकवावं हेही आहे, आणि माझ्या मते ते अभ्यासक्रमावरचं मराठी माणसाचं एक अत्यंत महत्त्वाचं म्हणणं आहे. बहुजनांच्या मुलांना मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावं. हिशेब ठेवता यावा. थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. खेड्यातला अभ्यास शहरापेक्षा थोडा कमी चालेल, पण तो व्यवहाराला उपयोगी असावा.

वरवर पाहिलं तर ही यादी साधी वाटते. पण मोडी आणि हिशेब हे दोन शब्द १८८२च्या खेड्यात ठेवून बघा. सातच वर्षांपूर्वी, मे १८७५मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जाची कागदपत्रं जाळली होती. ते कागद मोडीत असत. ज्याच्या जमिनीवर ते लिहिलेले असत, त्याला ते वाचता येत नसत. तो अंगठा उठवायचा. वाण्याचं पोरगं धंदा चालवायला हिशेब शिकत होतं. शेतकऱ्याच्या पोराला तो फसवणूक ओळखण्यासाठी हवा होता. विषय तोच, पाढे तेच, आणि शिकण्याचं कारण नेमकं उलट. 'समाजाच्या गरजा' असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा या दोन गरजा एका पिशवीत टाकतो.

फुल्यांचं ऐकलं गेलं का? थोडंफार, आणि फार उशिरा. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. मोडी स्वातंत्र्यानंतर शाळेतून गेली. तोवर छापखान्याने आणि बाळबोधाने तिची गरज संपवत आणली होती. आता जमिनीचा जुना कागद वाचायचा तर मोडी जाणणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. शेतीचं ज्ञान 'कार्यानुभव' नावाखाली कधी आलं, कधी गेलं.

इंग्रजीचा मात्र उलटा अनुभव आहे. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पूर्वी पुष्कळ बोलून झालंय. राज्यात मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होती. २०००मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून आली. तेव्हा बहुतेक भाषातज्ज्ञ विरोधात होते, आणि त्यांचे शैक्षणिक मुद्दे चुकीचे नव्हते. पण गावातला पालक म्हणत होता की साहेब, तुमच्या पोराला पहिलीपासून चालतं, माझ्याच पोराला का जड जाईल? या प्रश्नाला तज्ज्ञांकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात त्याचं उत्तर आधीच दिलं गेलं होतं. इथे ज्यांची मुलं खरोखर त्या शाळेत होती त्यांच्या मनासारखं झालं. पुढे इंग्रजी कोण शिकवणार, हा प्रश्न ज्या शिक्षकांवर पडला, त्यांना स्वतःला इंग्रजी पाचवीपासून शिकवलेली होती. तो भाग वेगळा.

आणि अगदी अलीकडचं. एप्रिल २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय आला, जूनमध्ये तो बदलला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. समाजाने सरकारला अभ्यासक्रम बदलायला लावला याचं हे ठळक उदाहरण. निर्णय मागे गेला हे बरंच झालं, असं माझंही मत आहे. पण तिथेही मला तेच खटकतं. कोणती भाषा, यावर महिनाभर बोललो. पहिलीतल्या मुलाच्या आठवड्यात तास किती असतात आणि नव्या विषयाचे तास कशातून काढणार होते, हे विचारणारे फार थोडे होते. भाषेचं नाव दिसतं, वेळापत्रक दिसत नाही. पाठ्यपुस्तकातला शब्द दिसतो, चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाई दिसत नाहीत.

एक चिठ्ठी आली आहे, ती मघापासून हातात आहे. 'मग तुमच्या मते पुस्तकात काय असावं? एकवीस की वीस एक?' टाळत नाही. दुसरीत दोन्ही असावीत, आणि सुरुवात वीस एकने व्हावी. काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी टेबलावर ठेवली की कोणतंही मूल तसंच म्हणणार. कित्येक शिक्षक 'दोन दशक एक एकक' असं वर्षानुवर्षं म्हणत आलेच आहेत, त्यावर कधी कुणी हरकत घेतलेली ऐकली नाही. मग 'एकवीस' यावं, आणि ते मराठीच्या तासालाही यावं. 'बा', 'ब', 'बे', 'ब्या' ही सगळी दोनचीच रूपं आहेत, हे शोधायला मुलांना मजा येते. ते पाठांतराचं ओझं म्हणून कशाला द्यायचं? आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर, मोठ्या टाइपात, चार ओळी त्या आजीसाठी असाव्यात. तिचा नातू 'साठ तीन' का म्हणतोय हे सांगणाऱ्या. वाचता येत नसेल तर बाईंनी पालकसभेत त्या वाचून दाखवाव्यात. पालकसभा संध्याकाळी, मजुरीची वेळ संपल्यावर ठेवावी, म्हणजे ती आजी येईल तरी.

दुसरी चिठ्ठी इतिहासाच्या पुस्तकांबद्दल आहे. तो विषय या मालिकेत पुढे स्वतंत्र येणार आहे, म्हणून आज त्याला हात लावत नाही. बाकीचे प्रश्न आता तोंडी घेऊ.